स्पॅनिश शब्दांवर तिल्दे कुठे द्यायची: आधी तुकडे, मग आघात, मग शेवटचं अक्षर

स्पॅनिश शिकणाऱ्या बहुतेकांना तिल्देचे नियम तोंडपाठ असतात, तरीही वहीत खुणा चुकतात. याचं कारण क्रम. शब्द ऐकला की शेवटचं अक्षर बघून किंवा कानाला एखादा स्वर लांब वाटला म्हणून खूण ठोकून दिली जाते, आणि शब्दाचे तुकडे पाडायची पायरी गाळली जाते. ती गाळली की पुढचा प्रत्येक नियम चुकीच्या जागी लागतो.

तिल्दे म्हणजे स्वरावरची, डावीकडून उजवीकडे वर चढणारी छोटी तिरकी रेघ. ती पाचच स्वरांवर येते (आ, ए, इ, ओ, उ) आणि एका शब्दात एकदाच. स्पॅनिशमध्ये तिचा कल कधी बदलत नाही.

## सुरू करण्याआधी

लेखातली लिहिण्याची पद्धत. इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत, तुकडे आडव्या रेघेने तोडून दिले आहेत. ज्या तुकड्याच्या स्वरावर तिल्दे आहे त्याच्यापुढे ´ ही खूण आहे. उदाहरणार्थ बो-गो-ता´ म्हणजे शेवटच्या आ वर तिल्दे. सगळे इ-उ मी मुद्दाम ह्रस्व लिहिले आहेत, ते का ते पुढे येईल. उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात सेता (रोमन z) या अक्षराचा उच्चार थ सारखा होतो, पण खुणेच्या नियमांत त्याने फरक पडत नाही.

वही रोमन लिपीत ठेवा. नियम लिहिलेल्या अक्षराला लागतात, ऐकलेल्या आवाजाला नाही. प्रत्येक उदाहरण स्वतः रोमनमध्ये लिहून बघा, नाहीतर तिसऱ्या टप्प्यात अडकाल.

टायपिंगची सोय आधी करा. फोनवर स्वर दाबून धरला की खुणेचा पर्याय येतो. विंडोजवर यूएस-इंटरनॅशनल कीबोर्ड निवडला तर आधी एकेरी अवतरणचिन्ह आणि मग स्वर दाबायचा. मॅकवर ऑप्शन आणि ई एकत्र दाबून सोडायचं, मग स्वर. उजवीकडे अंकांची पट्टी असलेल्या कीबोर्डवर ऑल्ट दाबून १६० (आ), १३० (ए), १६१ (इ), १६२ (ओ), १६३ (उ) हेही चालतं. 'खुणा नंतर देऊ' म्हणून सोडलेला मजकूर बहुधा तसाच राहतो.

जुन्या सवयी बाजूला ठेवा. शाळेत फ्रेंच शिकलेल्यांना वाटतं की खुणेने स्वराचा आवाज बदलतो. स्पॅनिशमध्ये ए चा आवाज खुणेसह आणि खुणेशिवाय सारखाच असतो, खूण फक्त आघात, म्हणजे बोलताना पडणारा जोर, दाखवते. गोव्यात घरी पोर्तुगीज ऐकलेल्यांचा गोंधळ निराळा: 'इतिहास' या अर्थाचा शब्द पोर्तुगीजमध्ये खुणेसह लिहितात, स्पॅनिशमध्ये (इस-तो-र्या) खुणेशिवाय.

तिसरी सवय आपली सगळ्यांचीच, ह्रस्व-दीर्घाची. मराठी माणूस स्पॅनिश शब्द टिपताना 'मारीया' असा दीर्घ लिहितो आणि जिथे दीर्घ दिसेल तिथे तिल्दे देतो. पण आघात आणि लांबी या वेगळ्या गोष्टी आहेत. आघात असलेल्या हजारो स्वरांवर कुठलीही खूण नसते. म्हणून टिपणं काढताना सगळे इ-उ ह्रस्व लिहा आणि आघाताचा तुकडा अधोरेखित करा.

## टप्पा १: शब्दाचे तुकडे पाडा

तुकडा म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा भाग, ज्याला सिलॅबल म्हणतात. प्रत्येक तुकड्यात एक स्वर असतो, किंवा जुळलेले दोन, क्वचित तीन. स्वर शेजारी-शेजारी आले की खरा प्रश्न येतो.

आ, ए, ओ हे बलवान स्वर. इ, उ हे दुबळे.

- दोन बलवान शेजारी आले तर ते नेहमी वेगळे: ते-आ-त्रो, ले-ओन´.
- बलवान आणि आघात नसलेला दुबळा, किंवा दोन वेगळे दुबळे, एकाच तुकड्यात: को-लोम-ब्या, काव-सा, स्यु-दाद.
- बलवान आणि आघात असलेला दुबळा वेगळे: मा-रि´-आ, पा-इस´.

इथे देवनागरी आपल्या कामाला येते. दुबळा स्वर य किंवा व होऊन शेजाऱ्यात मिसळला (ब्या, क्वे, आय, आव) तर तुकडा एक. तो स्वतंत्र इ किंवा उ म्हणून उभा राहिला तर तुकडे दोन. रोमन लिपीत को-लोम-ब्या आणि मा-रि´-आ या दोन्ही नावांच्या शेवटी तीच दोन अक्षरं दिसतात. देवनागरीत फरक लगेच कळतो.

सावधान. ही युक्ती बलवान स्वरांच्या जोडीला लावू नका. 'रेषा' या अर्थाचा शब्द आपल्या तोंडी 'लिन्या' होतो, पण तो लिहिताना ए आणि आ अशी बलवान जोडी आहे, म्हणून तुकडे तीन: लि´-ने-आ. आ´-रे-आ (क्षेत्र) आणि ए´-रो-ए (नायक) यांचंही तसंच. या तीन शब्दांवरची खूण वह्यांमधून सर्रास गायब असते, आणि चूक तुकडे मोजण्यात झालेली असते.

आणखी तीन बारकावे:

- मूक एच मध्ये आला तरी तो नाही असं समजा. घुबड म्हणजे बु´-ओ, दोन तुकडे.
- क्यू नंतरचा उ, आणि ए किंवा इ च्या आधी जी नंतर येणारा उ मूक असतो, तो मोजायचा नाही: गि-ता-र्रा. त्या उ वर दोन टिंबं असतील तर मात्र तो उच्चारतात: पिन-ग्वि-नो. ही टिंबं म्हणजे तिल्दे नव्हे.
- उ आणि इ एकत्र आले तर लेखनाच्या नियमांत ती नेहमी जोडीच. 'बांधलेला' हा शब्द काही जण तोडून बोलतात, पण मोजताना कोन्स-त्रुइ-दो असे तीनच तुकडे, आणि खूण नाही.

तपासणी. तुकड्यांची संख्या शब्दाशेजारी आकड्यात लिहा. आकडा १ आला तर सरळ टप्पा ५ वर जा.

## टप्पा २: आघात कुठे आहे ते ठरवा

एकापेक्षा जास्त तुकड्यांच्या स्पॅनिश शब्दात एका तुकड्यावर आघात असतोच, खूण असो वा नसो. शब्द मोठ्याने म्हणा, प्रत्येक तुकड्यावर आळीपाळीने जोर देऊन बघा आणि ऐकलेल्या उच्चाराशी जुळणारा निवडा. सरावाला हे त्रिकूट घ्या:

- तेर´-मि-नो: संज्ञा, पारिभाषिक शब्द किंवा शेवट
- तेर-मि-नो, जोर 'मि'वर: मी संपवतो
- तेर-मि-नो´: त्याने संपवलं

तिन्हींची अक्षरं तीच. इथे कान तयार झाला की आ-ब्लो (मी बोलतो) आणि आ-ब्लो´ (तो बोलला) यांत गोंधळ होत नाही.

छापलेला शब्द वाचताना खूणच आघात सांगते. ऐकलेला शब्द लिहिताना मात्र आघात आधी माहीत असावा लागतो, कुठलाही नियम तो शोधून देत नाही. नवा शब्द ऐकला की रेआल आकादेमिया एस्पान्योला (स्पॅनिशचे लेखननियम ठरवणारी संस्था) हिच्या ऑनलाइन शब्दकोशात त्याचं लेखन बघा आणि त्यावरून आघात पक्का करा. क्रियापदांत मात्र शेवटावरून बरंच कळतं:

- साध्या भूतकाळाच्या नियमित क्रियापदांत 'मी' आणि 'तो/ती' या रूपांचा आघात शेवटी: आ-ब्ले´, को-मि´, आ-ब्लो´, को-म्यो´. अनियमित रूपांत तो आधीच्या तुकड्यावर सरकतो आणि खूण जाते: तु-बे, तु-बो, इ-सो.
- भविष्यकाळात 'आम्ही' सोडून सगळ्या रूपांवर खूण: आ-ब्ला-रे´, आ-ब्ला-रास´, आ-ब्ला-रा´, आ-ब्ला-रान´. 'आम्ही'चं रूप आ-ब्ला-रे-मोस, खुणेविना.
- अपूर्ण भूतकाळात -एर, -इर क्रियापदांच्या आणि संकेतार्थात सगळ्याच क्रियापदांच्या शेवटच्या इ वर खूण: को-मि´-आ, आ-ब्ला-रि´-आ.

संज्ञांत -स्योन ने संपणाऱ्यांवर खूण (कान-स्योन´), -दाद आणि -दोर ने संपणाऱ्यांवर नाही.

## टप्पा ३: खुणेविना वाचक कुठे जोर देईल?

पुस्तकांत इथे तीन गट असतात: आगुदा (आघात शेवटच्या तुकड्यावर), याना (शेवटून दुसऱ्यावर) आणि एसद्रु´खुला (तिसऱ्यावर). गटांची नावं परीक्षेला लागतात, म्हणून ओळखीची हवीत. लिहिताना मी मात्र एकच प्रश्न विचारायला सांगतो: या शब्दावर खूण नसती, तर वाचकाने कुठे जोर दिला असता?

- शेवटचं अक्षर स्वर, एन किंवा एस असेल तर वाचक शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर देतो.
- दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्या तुकड्यावर.

खरा आघात तिथेच असेल तर खूण नको. दुसरीकडे असेल तर खूण हवी, आणि ती खऱ्या आघातावर. तिन्ही गट या एका प्रश्नात बसतात. शेवटून तिसऱ्या किंवा त्याआधीच्या तुकड्यावरचा आघात वाचकाच्या अंदाजाशी कधीच जुळत नाही, म्हणून तिथे खूण कायम.

नकाशा उघडून बघा.

खूण नको: बार-से-लो-ना, का-रा-कास (शेवट स्वर किंवा एस, जोर दुसऱ्यावर), मा-द्रिद, ए-क्वा-दोर (शेवट इतर व्यंजन, जोर शेवटी).

खूण हवी: पा-ना-मा´, पे-रु´, ले-ओन´ (शेवट स्वर किंवा एन, तरी जोर शेवटी), का´-दिस (शेवटी सेता, तरी जोर दुसऱ्यावर), मा´-ला-गा, कोर´-दो-बा, मे´-खि-को (जोर तिसऱ्यावर).

सावधान: सेता आणि एस. आपल्या कानाला दोन्ही स, पण नियमात सेता 'इतर व्यंजनां'त. म्हणून सेताने संपणारं गोन-सा´-लेस हे आडनाव खुणेसह, आणि तेच एसने संपवून लिहिलं तर खुणेविना. मार-ति´-नेस, पे´-रेस, रो-द्रि´-गेस या खेळाडूंच्या यादीत दिसणाऱ्या आडनावांच्या शेवटी सेता आहे. आल-का-रास मध्येही सेता आहे, पण जोर शेवटी, म्हणून खूण नाही.

सावधान: शेवटचा वाय. ऐकू येतो स्वर, पण नियमात तो व्यंजन धरतात. उ-रु-ग्वाय, एस-तोय यांवर खूण नाही.

शेवटच्या एसच्या आधी आणखी एक व्यंजन असेल तर एसचा नियम लागत नाही: बि´-सेप्स वर खूण, रो-बोत्स वर नाही. असे शब्द थोडे आहेत.

जोडस्वर असलेल्या तुकड्यावर खूण द्यायची असेल तर ती बलवान स्वरावर बसते: कान-स्योन´ मध्ये ओ वर, ताम-ब्येन´ मध्ये ए वर. जोडीतले दोन्ही स्वर दुबळे असतील तर दुसऱ्यावर: कुइ´-दा-ते मध्ये इ वर.

## टप्पा ४: तुटलेल्या स्वरांचा अपवाद

बलवान स्वराशेजारच्या इ किंवा उ वर आघात असेल तर टप्पा ३ चं उत्तर काहीही आलं तरी त्या इ-उ वर खूण द्यायचीच. दि´-आ (दिवस) स्वराने संपतो, जोर शेवटून दुसऱ्यावर, म्हणजे टप्पा ३ प्रमाणे खूण नको. पण खूण नसेल तर वाचक 'द्या' असा एकच तुकडा वाचेल. ओ-इर´ (ऐकणे), मा-इस´ (मका, शेवटी सेता), बा-उल´ (पेटी), गार-सि´-आ, प्रो-इ´-बे (मध्ये मूक एच) हे याच रांगेतले.

खूण विसरली तर शब्दच बदलतो:

- से-क्रे-ता-र्या सेक्रेटरी, से-क्रे-ता-रि´-आ सचिवालय
- आ-स्या च्या दिशेने, आ-सि´-आ करत असे
- सा-ब्या शहाणी स्त्री, सा-बि´-आ माहीत होतं

इथे उलटी चूकही होते: एकदा नियम कळला की -या ऐकू येणाऱ्या प्रत्येक शब्दावर खूण दिली जाते. फार-मा-स्या (औषधाचं दुकान), आ-का-दे-म्या, दे-मो-क्रा-स्या यांवर नाही. पो-लि-सि´-आ, ए-को-नो-मि´-आ, ब्यो-लो-खि´-आ यांवर आहे. हे शब्द दोन रकान्यांत लिहून पाठ करा, नियमाने शोधत बसू नका.

तपासणी. रकान्यात टाकण्याआधी शब्द देवनागरीत लिहा. 'स्या' आलं तर खूण नाही, 'सि-आ' आलं तर आहे.

## टप्पा ५: एका तुकड्याचे शब्द

सरळ नियम: खूण नाही. फे, पान, सोल, ति. आणि फ्वे, फुइ, द्यो, ब्यो (गेला, गेलो, दिलं, पाहिलं). या चार क्रियापदांवर जुन्या छापील पुस्तकांत खूण दिसेल, कारण आकादेमियाने ती 1959 पासून काढली. ग्योन (संयोगचिन्ह) काहींच्या तोंडी 'गि-ओन' असा दोन तुकड्यांचा असतो, पण लेखनाच्या नियमांत तो एकाच तुकड्याचा. 2010 च्या नियमावलीपासून त्यावर खूण नाही.

अपवाद अशा जोड्यांचे, जिथे दोन वेगळे शब्द सारखेच लिहिले जातात:

- तु´ तू, तु तुझा
- एल´ तो, एल पुल्लिंगी उपपद
- मि´ मला (शब्दयोगीनंतर), मि माझा
- सि´ हो किंवा स्वतःला, सि जर
- ते´ चहा, ते तुला
- से´ मला माहीत आहे, से स्वतःला या अर्थाचं सर्वनाम
- दे´ द्यावं, दे चा/ची/चे
- मास´ अधिक, मास पण (हा क्वचितच भेटतो)

सावधान. मि´ वर खूण आहे म्हणून ति वर देऊ नका. ति सारखा दिसणारा दुसरा शब्दच नाही. माझ्या मते हीच सर्वांत हट्टी चूक.

'फक्त' या अर्थाच्या सो-लो वर 2010 पासून सर्वसाधारणपणे खूण देत नाहीत. अर्थ दुहेरी होतोय असं लिहिणाऱ्याला वाटलं तर देता येते, हे आकादेमियाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. शिकणाऱ्यांनी न देणं बरं.

## टप्पा ६: प्रश्नाचे शब्द

के´, क्येन´, को´-मो, क्वान´-दो, दोन´-दे, क्वान´-तो हे प्रश्न किंवा उद्गार असताना खुणेसह. चूक होते ती आडून विचारलेल्या प्रश्नात, कारण तिथे प्रश्नचिन्ह नसतं: 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' या वाक्यातही दोन´-दे. मराठीत 'कुठे' म्हणाल तर खूण, 'जिथे' म्हणाल तर नाही. 'कधी' ला खूण, 'जेव्हा' ला नाही. 'कसा' ला खूण, 'जसा' ला नाही. आपल्याला ही क-ज ची जोडी आयती मिळाली आहे, वापरा.

पोर के´ (का?) दोन शब्द आणि खूण. पोर-के (कारण) एक शब्द, खूण नाही. पोर-के´ (कारण ही संज्ञा, आधी उपपद) एक शब्द आणि खूण.

## टप्पा ७: शब्द वाढला की पुन्हा मोजा

अनेकवचन किंवा जोडलेलं सर्वनाम लागलं की एक तुकडा वाढतो, आघात बहुधा जागेवरच राहतो, आणि म्हणून खूण येते किंवा जाते.

- कान-स्योन´ चं कान-स्यो-नेस: खूण गेली
- इन-ग्लेस´ चं इन-ग्ले-सेस: गेली
- खो-बेन (तरुण) चं खो´-बे-नेस: आली
- एक-सा-मेन चं एक-सा´-मे-नेस: आली
- ला´-पिस (पेन्सिल) चं ला´-पि-सेस: राहिली, कारण वेगळं

थोड्या शब्दांत आघातच सरकतो: रे´-खि-मेन चं रे-खि´-मे-नेस, का-राक´-तेर चं का-राक-ते-रेस. हे पाठच करावे लागतात.

क्रियापदाला सर्वनाम चिकटलं तरी हेच: दा-मे (मला दे) वर खूण नाही, दा´-मे-लो (मला ते दे) वर आहे. कोम-प्रा, पण कोम´-प्रा-लो. आ-ब्लान-दो, पण आ-ब्लान´-दो-ले. उलट दे´ ला मे लागून दे-मे झालं की खूण जाते.

-मेन-ते लावून केलेली क्रियाविशेषणं यातून मोकळी. मूळ विशेषणावर खूण असेल तर तशीच ठेवा (फा´-सिल-मेन-ते), नसेल तर देऊ नका (लेन-ता-मेन-ते).

## लिहून झाल्यावरची फेरी

स्पेलचेकवर विसंबू नका. एस-ता (ही) आणि एस-ता´ (आहे) दोन्ही बरोबर शब्द आहेत, यंत्र बहुतेकदा गप्प बसतं. 'इंग्रज' लिहिताना इन-ग्लेस´ ची खूण राहिली तर 'जांघा' होतं, आणि तेही शब्दकोशात आहे. म्हणून मजकूर एकदा फक्त क्रियापदांसाठी वाचा, मग फक्त एका तुकड्याच्या शब्दांसाठी, मग अनेकवचनांसाठी. मोठ्या अक्षरांनाही खूण लागते. आ´-बि-ला या शहराच्या पहिल्या अक्षरावर ती हवीच.

एक वाक्य पूर्ण सोडवू: 'इंग्रजीच्या परीक्षा कधी येतील हे तिला माहीत नव्हतं.'

एया नो सा-बि´-आ क्वान´-दो ये-गा-रि´-आन लोस एक-सा´-मे-नेस दे इन-ग्लेस´.

- एया: दोन तुकडे, शेवट स्वर, जोर दुसऱ्यावर. खूण नाही.
- नो, लोस, दे: एक तुकडा. हा दे 'चा/ची/चे' वाला, म्हणून खूण नाही.
- सा-बि-आ: इ वर आघात, शेजारी आ. टप्पा ४, खूण.
- क्वान-दो: आडून प्रश्न, मराठीत 'कधी'. खूण.
- ये-गा-रि-आन: पुन्हा टप्पा ४. शेवट एन असला तरी त्याने फरक पडत नाही.
- एक-सा-मे-नेस: चार तुकडे, जोर शेवटून तिसऱ्यावर. खूण.
- इन-ग्लेस: शेवट एस, जोर शेवटी. खूण.

आता हेच वाक्य एकवचनी परीक्षेचं करून, 'येईल' या अर्थाने वहीत लिहा. तीन शब्द बदलतील. त्यांतल्या एकाची खूण जाईल, दुसऱ्याची राहील, आणि तिसऱ्यावर ती आधीही नव्हती, नंतरही नाही.